वखार गल्लीतला हिरवा थेंब

भिवरगावच्या पाण्याला मी आयुष्यात कधी तोंड लावलं नव्हतं. पण ते पिण्यालायक आहे की नाही, हे सहा वर्षं रोज मीच ठरवत होते.

कागदोपत्री ते 'जलसाक्षी' ठरवत होती. जलसाक्षी हा आमच्या कंपनीचा प्रोग्राम, आणि मी, शर्वरी बिडवे, तिच्या सहा राखणदारांपैकी एक. पुण्यात बाणेरला एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर बसून आम्ही सहाजण त्रेचाळीस गावांच्या टाक्या, पंप, व्हॉल्व्ह आणि क्लोरिन सांभाळायचो. आमच्या खोलीत गावांना नावं नव्हती, नंबर होते. भिवरगाव म्हणजे एकोणतीस. उरलेल्या बेचाळीस गावांपैकी एकही मला नकाशावर दाखवता आलं नसतं. भिवरगाव आलं असतं, कारण माझी धाकटी बहीण मैथिली तिथे दिली होती.

आम्हाला सगळ्यांचाच तिटकारा होता. गावातल्या नगरसेवकांचा, 'पाणी कधी येणार' विचारणाऱ्या बायकांचा, आणि सगळ्यात जास्त नगरपालिकेच्या लाइनमन लोकांचा. हातात पाना, पायात चिखल, आणि तोंडात कायम 'मॅडम, जरा येऊन बघा ना'. येऊन बघायचं? आम्ही तर न येताच सगळं बघत होतो.

कसं, ते सांगते. जलसाक्षीसारखा, जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम थेट यंत्रावर धावत नाही. यंत्राच्या आत आधी एक काल्पनिक यंत्र उभं राहतं आणि त्याच्या पोटात प्रोग्राम धावतो. धावताना आत काय चाललंय ते बाहेरून कळावं म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला छोट्या छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात. खिडकीतून आतले आकडे वाचता येतात. त्यातले काही आकडे बदलताही येतात. काही ठरावीक हुकूम सोडता येतात: हा व्हॉल्व्ह मिट, तो पंप सुरू कर. आणि आत काही बिनसलं, तर खिडकी स्वतःच हाक मारते. मोठी गंमत ही, की यातल्या कशासाठीही प्रोग्राम थांबवावा लागत नाही. चालत्या माणसाच्या पायातला काटा त्याला न थांबवता काढावा, तसं. आणि ते करायला त्या गावात असण्याची गरज नाही. नाव आणि परवलीचा शब्द असला की पुण्यातून, दिल्लीतून, कुठूनही हात घालता येतो.

खिडकीतून बदललेला आकडा मात्र कुठे लिहून ठेवला जात नाही. तो धावत्या प्रोग्रामच्या स्मरणात राहतो, बस्स. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला, की तो फाईलमधला मूळ आकडा वाचतो आणि मधे काय झालं होतं ते साफ विसरतो. म्हणून घाईची, तात्पुरती कामं आम्ही खिडकीतून करायचो. फाईल बदलायची तर तीन जणांच्या सह्या लागायच्या.

दोन हजार सदतीस साली कायदा झाला आणि जलसाक्षीचा शब्द हाच पाण्याचा दाखला ठरला. प्रत्येकाच्या मोबाइलवर एक थेंब आला. हिरवा असेल तर प्या, लाल असेल तर पिऊ नका. घरोघरी जाऊन हाताने क्लोरिन तपासणारे कर्मचारी नगरपालिकांनी घरी बसवले. तपासणीची औषधं येणं बंद झालं. दवाखान्यांतली निदानयंत्रंसुद्धा रोग्याच्या गावाचा थेंब बघून मगच निदान करायला लागली. थेंब हिरवा, म्हणजे रोग पाण्याचा नाही. इतकं सोपं. लोकांनी पाणी उकळणं सोडलं, गाळणं सोडलं, वास घेणंसुद्धा सोडलं. एका थेंबाच्या चित्रावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसांना मी मनातून मूर्ख समजायची, आणि थेंब आमचा म्हणून फुशारायचीही.

त्या मार्चमध्ये एकोणतीस नंबर भुंकायला लागला. वखार गल्लीतला सेन्सर क्रमांक सतरा. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे, असा नियम. सतरा नंबर कधी शून्य पूर्णांक एक दाखवायचा, कधी त्याहून कमी. चार दिवसांत एकतीस इशारे. प्रत्येक इशाऱ्याला कारण लिहावं लागायचं. मी एकतीस वेळा लिहिलं, 'सेन्सर सदोष'. तसं लिहिलं की थेंब लाल न होता हिरवाच राहायचा.

क्लोरिन कमी का होतं? एकतर टाकीतच कमी पडतं, किंवा वाटेत कशाशी तरी झुंजून संपतं. नळाच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं, की क्लोरिन त्या घाणीला मारण्यात खर्ची पडतं आणि नळापर्यंत पोचतच नाही. टाकीतला आकडा ठीक आणि एकाच गल्लीत कमी, म्हणजे दुसरी शक्यता. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला मी पूर्ण गुण घेतले होते.

मंगळवारी सकाळी भिवरगावच्या लाइनमनचा फोन आला. नवनाथ तोडकर, वय अठ्ठावन्न, निवृत्तीला आलेला.

"मॅडम, वखार गल्लीत पाण्याला वास मारतोय. एकदा पुरवठा बंद करा, मी लाइन खोलून बघतो."

"वास कुठल्या आकड्यात मोजता तुम्ही, तोडकर?"

"नाकानं, मॅडम."

मी फोन स्पीकरवर टाकला होता. खोलीतले सगळे हसले. त्याला ऐकू गेलं असणार.

"लेखी तक्रार टाका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यात कारखानीस आले. प्रफुल्ल कारखानीस, आमचे विभागप्रमुख. बोलताना ते समोरच्या माणसाकडे न बघता त्याच्या मागच्या काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघायचे. प्रोग्रामची एक ओळ त्यांनी कधी लिहिली नव्हती. पण 'सलग एक हजार दिवस हिरवा' हे वाक्य त्यांचंच. पुढच्या सोमवारी दिल्लीची समिती तो विक्रम बघायला येणार होती.

"एकोणतीसचं भुंकणं बंद कर," ते म्हणाले.

"सेन्सर बदलायची मागणी टाकू?"

"टाक ना. पण तोवर मला आवाज नकोय."

मी मागणी टाकली. मग खिडकी उघडली, सेन्सर सतराची इशारामर्यादा शोधली आणि शून्य पूर्णांक दोनच्या जागी शून्य पूर्णांक शून्य पाच लिहिलं. वेळ सकाळचे अकरा बेचाळीस. भुंकणं थांबलं. वखार गल्लीचा थेंब हिरवाच राहिला. मी चहा प्यायला गेले. तक्रार उरली नाही म्हणून सेन्सर बदलायची मागणी संध्याकाळी आपोआप रद्द झाली, आणि मला ते कळलंही नाही.

त्या रविवारी भिवरगावला मैथिलीचं डोहाळजेवण होतं. तिला सातवा महिना होता. मी पुण्याहून गाडी घेऊन गेले, जाताना प्यायच्या पाण्याच्या चार बाटल्या घेऊन. कुणी विचारलं तर म्हणणार होते, घसा बसलाय.

मैथिलीचं घर वखार गल्लीच्या तोंडाशी. तिची सासू, विजयाकाकू, स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होत्या. गावातल्या शेवटच्या पाणी उकळणाऱ्या बाई त्याच असतील.

"काकू, अजून हे चालूच?" मी म्हणाले. "गावाचा थेंब हिरवा आहे. मी स्वतः बघते रोज."

"असेल गं. मला त्यातलं कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण उकळलेल्या पाण्यानं कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही."

"लिंबू-मिरची बांधल्यानंही कुणाचं वाईट होत नाही. म्हणून काय बांधायची?"

ओटीला जमलेल्या बायका खुदकन हसल्या. मैथिली सगळ्यांत मोठ्याने हसली. फुलांच्या वाडीत, हिरव्या साडीत ती बसली होती. लहानपणापासून तिला माझा भारी अभिमान. वर्गात कुणी काही म्हणालं, की 'माझ्या ताईला विचार' म्हणायची. काकूंनी गॅस बारीक केला, बंद केला नाही.

जेवणं सुरू असताना दारात तोडकर येऊन उभा राहिला. मी आल्याचं गावात कुणाकडून तरी कळलं असावं. चपला बाहेर काढून, हातात एक काचेची नळी धरून.

"माफ करा मॅडम, कार्यात आलो. पण हे एकदा बघा. आत्ता कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. क्लोरिन असलं तर पिवळं व्हायला पाहिजे. पांढरं ते पांढरंच राहिलंय."

पन्नास बायका माझ्याकडे बघत होत्या. मी त्याच्या दुसऱ्या हातातली औषधाची बाटली घेतली, उलटी केली आणि लेबल मोठ्याने वाचलं. "मुदत संपली, डिसेंबर दोन हजार अडतीस. तोडकर, हे औषध तुमच्याइतकंच निवृत्तीला आलंय."

हशा पिकला. तो हसला नाही. "नवीन येतच नाही मॅडम. बंद केलंय वरनं."

"बंद केलंय, त्याला कारण आहे."

त्याने नळी खिशात ठेवली, मैथिलीकडे बघून हात जोडले आणि गेला. गल्लीत जाऊन बघायला मला पाच मिनिटं लागली असती. पण पायात नवीन मोजड्या होत्या आणि गल्ली ओली होती.

निघताना मैथिली गाडीपाशी आली. म्हणाली, "ताई, आता मी पण नळाचंच पिते हं. आईंचं ते कोमट पाणी पिऊन मळमळतं मला." मी तिच्या गालावर टिचकी मारली. "पी बिनधास्त," म्हणाले.

समिती आली, विक्रम बघून गेली, खोलीत पेढे वाटले गेले. मी तो आकडा विसरले. खरंच विसरले. लपवायचं असतं तर लक्षात तरी राहिला असता.

सहा आठवडे गेले. एप्रिल संपता संपता वखार गल्लीत कावीळ निघाली. आधी चार जण, मग अकरा, मग सव्वीस. तालुक्याच्या दवाखान्यातल्या निदानयंत्राने थेंब बघितला, हिरवा होता. पाणी यादीतून गेलं. मग यंत्राने उरलेल्या कारणांतलं पहिलं उचललं: बाहेरचं खाणं. नगरपालिकेने पाणीपुरीच्या दोन गाड्या उचलून नेल्या. डॉक्टरांनी बायकांना झापलं, की तोंड आवरत नाही तुमचं. पाणीपुरी आयुष्यात न खाल्लेल्या म्हाताऱ्यासुद्धा मान खाली घालून ऐकत होत्या.

आमच्या खोलीत ही बातमी आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "एकोणतीसवाले काहीही खातात." मीही हसले.

गुरुवारी दुपारी एक वाजता विजयाकाकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत.

"शर्वरी, मैथिलीचे डोळे पिवळे झालेत. काल ताप होता, आज काही खात नाही, नुसती ओकतेय. जिल्ह्याला घेऊन चाललोय."

"बाहेरचं काही खाल्लं का तिनं?"

"घराबाहेर पडली नाही ती महिनाभर," काकू म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आम्हा तिघांना काही नाही झालं. आम्ही उकळलेलं पितो. ती नळाचं पीत होती. 'ताईचं पाणी' म्हणायची."

मी खुर्चीतच होते. हातासरशी भिवरगावची खिडकी उघडली. सेन्सर सतरा: शून्य पूर्णांक शून्य सात. इशारामर्यादा: शून्य पूर्णांक शून्य पाच. स्थिती: हिरवा. स्मरणात साठलेले सेन्सरचे मागचे आकडे काढले. सहा आठवडे एकदाही तो आकडा शून्य पूर्णांक एकच्या वर गेला नव्हता. सेन्सर अगदी ठणठणीत होता. त्याने त्याचं काम केलं होतं, रोज, दर मिनिटाला. खोलीत बिघडलेली वस्तू एकच होती, आणि ती खुर्चीत बसली होती.

कारखानीसांच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. घाबरले नाहीत. उलट इतके सहज बोलले, की हे त्यांनी आधीही कधीतरी केलं असावं, असं मला वाटलं.

"प्रोग्राम रीस्टार्ट कर," ते म्हणाले.

"काय?"

"एकोणतीसचा प्रोग्राम बंद कर आणि सुरू कर. मर्यादा फाईलमधून येईल, शून्य पूर्णांक दोन. तू खिडकीतून बदललेलं स्मरणात होतं, ते जाईल. रोजच्या नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जातात, म्हणजे तिथेही काही नाही. थेंब आजपासून लाल होईल, लोक पाणी पिणार नाहीत. तुला हेच हवंय ना?"

"आणि सहा आठवड्यांचं काय?"

"सहा आठवडे सेन्सर चुकीचं वाचत होता. आज सुधारला." त्यांनी काचेकडे बघून केस सारखे केले. "शर्वरी, आकडा कुणी बदलला, हे फक्त त्या स्मरणात आहे. आणि तिथे नाव माझं नाही, तुझं आहे. मी तुझ्यावर उपकार करतोय."

"तुम्ही सांगितलं होतं."

"मी म्हणालो होतो, आवाज नको. आकडा मी सांगितला होता?"

ते खरं होतं. आकडा माझा होता.

"चार वाजता करू. तोवर मी कारण म्हणून सुरक्षेच्या दुरुस्तीचं पत्र काढतो," ते म्हणाले. एवढ्या दिवसांचा विक्रम मोडणार होता. तेवढंच त्यांना लागलं असावं.

मी जागेवर आले. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बहीण रुग्णवाहिकेत होती आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की हा माणूस म्हणतोय त्यात चूक काहीच नाही. थेंब लाल होईल, लोक वाचतील, मीही वाचेन. मैथिलीला काय, कुणालाच कधी कळणार नाही. हा विचार साधारण पंधरा मिनिटं टिकला. पंधरा मिनिटं मी तो उलटून पालटून बघितला, हे मला लिहायलाच हवं.

मग जिल्ह्याच्या दवाखान्यातून मैथिलीच्या नवऱ्याचा फोन आला. ऋषीकेश शांत माणूस, पण ओरडत होता. "इथलं यंत्र म्हणतंय, गावचं पाणी हिरवं आहे, म्हणजे पाण्यातली कावीळ नाही. ते गरोदरपणातल्या गोळ्यांची रिअॅक्शन म्हणून उपचार करतायत! ताई, तुमच्या त्या थेंबाला सांगा काहीतरी!"

चारपर्यंत थांबायचं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. आणि नुसता आजचा थेंब लाल होऊन भागणार नव्हतं. दवाखान्याचं यंत्र मागच्या दोन महिन्यांचा थेंब बघतं, कारण पाण्यातल्या काविळीचा विषाणू अंगात गेल्यावर पाच-सहा आठवड्यांनी डोकं वर काढतो. ते सहा आठवडे हिरवे राहिले, तर सव्वीस जणांचं निदान चुकीचंच राहणार होतं. ते खोटे होते, याचा पुरावा फक्त त्या धावत्या स्मरणात होता.

मी आधी मर्यादा पुन्हा शून्य पूर्णांक दोन केली. इशारा वाजला, या वेळी मी कारण लिहिलं नाही. वखार गल्लीतले सगळे मोबाइल एका झटक्यात लाल झाले. मग पुरवठ्याचा व्हॉल्व्ह मिटला. आणि मग जावाच्या काल्पनिक यंत्राचीच एक खिडकी असते, ती उघडली. तिच्यात एक हुकूम असतो: या क्षणी स्मरणात जे जे आहे, ते सगळं एका फाईलमध्ये ओत. तो सोडला.

हा हुकूम चालू असताना प्रोग्राम थोडा वेळ गोठतो. भिवरगावची स्थिती दाखवणारा भिंतीवरचा पडदा काळा पडला. चाळीस सेकंद. कारखानीस केबिनमधून धावत आले. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"काय केलंस?"

"स्मरण उतरवून घेतलं."

"त्यात तुझं नाव आहे, मूर्ख मुली!"

"माहीत आहे."

त्यांनी हात पुढे केला, पण कीबोर्डवर कुठलं बटण दाबायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. सहा वर्षं आमच्यावर हुकूम सोडणारा माणूस माझ्या खुर्चीमागे उभा राहून नुसता "थांबव, थांबव" म्हणत राहिला. मला त्यांची कीव आली नाही. फाईल पूर्ण झाली. मी ती जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवली आणि खाली चार ओळी लिहिल्या: कुठला आकडा, कुणी बदलला, कधीपासून कधीपर्यंतचा थेंब खोटा. मग त्यांना फोन करून तेच तोंडी सांगितलं. बाई तडफदार होत्या. मला शिवी द्यायलाही थांबल्या नाहीत. थेट दवाखान्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी भिवरगावात पोचले, तेव्हा वखार गल्लीचा रस्ता खोदलेला होता. तोडकर खड्ड्यात उतरला होता. पाण्याचा पाइप आणि त्यावरून गेलेलं गटार, दोन्ही एकाच जागी फुटलेले. काळं पाणी थेंब थेंब आत ठिबकत होतं.

मी कडेला उभी राहिले. म्हणाले, "तोडकर, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

त्याने वर बघितलं. "हसायचं काय, आम्हाला लोक हसतातच मॅडम. तुम्ही हसला असतात आणि इथवर आला असतात, तरी चाललं असतं. काकूंच्या दारापासून साठ पावलं आहेत. मी मोजली आज सकाळी." आणि तो पुन्हा पान्याला लागला.

पाण्यातली ही कावीळ एरवी माणसाला महिनाभर झोपवते आणि सोडून देते. दिवस भरत आलेल्या बायकांना मात्र ती सोडत नाही. वखार गल्लीत अशा तिघी होत्या. तोडकरच्या शेजारची सुरेखा शनिवारी गेली, पोटातल्या मुलासकट. दुसरी वाचली, तिचं बाळही वाचलं. मैथिली नऊ दिवस बेशुद्ध होती. चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. ती पाच तास जगली. विजयाकाकूंनी तिला मांडीवर घेतलं होतं. मी काचेबाहेर होते.

चौकशी झाली. स्मरणाच्या फाईलमधून सगळं निघालं: जोडणीची वेळ, माझं नाव, जुना आकडा, नवा आकडा. कारखानीसांचं नाव कुठेच नव्हतं. आपण असा कुठलाही आदेश दिला नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. आकड्यापुरतं ते खरंही होतं. अहवालात 'मानवी चूक' असा शब्द आला. तो मानव म्हणजे मी. माझी नोकरी गेली, खटला उभा राहिला, दीड वर्षाची शिक्षा झाली. कारखानीस आता जलसुरक्षेवर व्याख्यानं देतात. तोडकरला नगरपालिकेने शाल-श्रीफळ दिलं. ज्यांनी त्याचं औषध बंद केलं होतं, त्याच हातांनी. तो नारळ त्याने व्यासपीठाच्या पायरीवर ठेवला आणि घरी गेला, असं ऐकलं. हाताने क्लोरिन तपासणं पुन्हा सुरू झालंय. थेंबही आहेच. लोक पुन्हा त्याच्याकडे बघूनच पितात.

खटल्याआधी एकदाच मी मैथिलीला भेटले. ती दवाखान्यातून घरी आली होती. पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता, हातांच्या काड्या झाल्या होत्या. काकू आम्हाला एकटं सोडून बाहेर गेल्या.

"तो आकडा तू बदललास, तेव्हा तुला कुणी धमकी दिली होती का?" तिने विचारलं.

"नाही."

"नोकरी जाईल असं वाटलं होतं?"

"नाही."

"मग कारखानीसांची भीती? काहीतरी असेल ना, ताई. तू उगाच असं करणार नाहीस." ती पुढे वाकली. वर्गात 'माझ्या ताईला विचार' म्हणणारी मुलगी मला सोडवायला बघत होती. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"सारखं वाजत होतं," मी म्हणाले. "मला कंटाळा आला होता."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तोडकरकडे, नगरसेवकांकडे, काकूंच्या पातेल्याकडे मी ज्या नजरेने बघत आले होते, ती नजर माझ्यावर रोखलेली मी पहिल्यांदाच बघितली. तिने हाक मारली, "आई." मी दचकून उठले, कारण आमची आई जाऊन आठ वर्षं झाली होती. आत काकू आल्या.

त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण होऊन येऊ नकोस आता. तिला भेटावंसं वाटलं की मी कळवीन."

शिक्षा भोगून बाहेर आल्याला तीन वर्षं झाली. मी नंबर बदललेला नाही. काकूंचा फोन अजून आलेला नाही.